पिशवीतला रिपोर्ट

"पेशंट दारू घेतात का?"

त्या तरुण डॉक्टरांनी हे मला विचारलं. अक्का समोरच स्टुलावर बसली होती. पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा कातडीत रुतला होता. पोटात पाणी झालं होतं. आमच्याकडे जुनी माणसं ज्याला जलोदर म्हणायची, तेच. तरी प्रश्न मला आला, कारण फाइल माझ्या हातात होती आणि मी त्यांच्याशी इंग्रजीत बोलत होतो.

अक्काला 'दारू' एवढा शब्द कळला. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग पदराआडून गळ्यातली तुळशीची माळ काढली, चिमटीत धरली आणि डॉक्टरांना दाखवली. बोलली काहीच नाही. डॉक्टर भला माणूस होता, ओशाळला. "मावशी, सगळ्यांनाच विचारावं लागतं," म्हणाला.

सगळ्यांनाच विचारावं लागतं हे खरंच आहे, आणि त्यांचं काही चुकलंही नव्हतं. पण त्या दिवसापासून ती चिमटीतली माळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. गावात तर बोलणं आधीच सुरू झालं होतं. लिव्हर गेलं म्हणजे दारूच, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दाजी पारावर जायचे बंद झाले. माळकरी घरातल्या बाईला 'दारूचा रोग' कसा झाला, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

दारू न पिताही लिव्हरवर चरबी धरते आणि ते खराब होतं, त्या रोगाच्या नावातच हा गोंधळ आहे. 1980 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 20 रुग्णांची हकीकत छापली. त्यांच्या लिव्हरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली अगदी दारुड्याच्या लिव्हरसारखा दिसत होता आणि ती माणसं दारू पीत नव्हती. रोगाला नाव पडलं ते 'नॉन-अल्कोहोलिक' असं. म्हणजे नकार देतानाही पहिलं नाव दारूचंच. हे नाव बदलायला 2023 साल उजाडलं. जगभरच्या तज्ज्ञांनी 'अल्कोहोलिक' आणि 'फॅटी' हे दोन्ही शब्द रुग्णाला खाली मान घालायला लावतात, असं म्हणत ते काढून टाकले आणि चयापचयाच्या बिघाडावर बोट ठेवणारं नवं लांबलचक नाव ठरवलं. आपल्याकडे अजून 'फॅटी लिव्हर'च चालतं. मीही तेच वापरतो.

अक्काच्या तपासण्या आठवडाभर चालल्या. कावीळ 'ब' नाही, 'क' नाही. शरीर स्वतःच्याच लिव्हरवर उठतं तो प्रकारही नाही. सोनोग्राफीत दिसलं ते आक्रसलेलं, खडबडीत कडांचं लिव्हर, वाढलेली प्लीहा आणि पोटातलं पाणी. चरबीचा उल्लेखच नाही. सिरॉसिस, म्हणजे वण पडून लिव्हर निबर होणं, तो तर आहे, मग तो झाला कशाने? मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "यांचे जुने काही रिपोर्ट आहेत का? पाच-दहा वर्षांपूर्वीचे?"

तेव्हा अक्काने पिशवी काढली.

साडीच्या दुकानातली कापडी पिशवी, तोंडाला परकराची नाडी बांधलेली. तिच्यात अक्काने आपल्या दुखण्यांचं सगळं दप्तर ठेवलं होतं. साखरेचे रिपोर्ट, डोळे तपासणीच्या शिबिराची चिठ्ठी, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचे तुकडे ("पुन्हा आणायच्या तर नाव दाखवायला"), रेशन कार्डाची झेरॉक्स, आणि मधोमध विठोबाचा एक फोटो. सगळं तारखेवार लावलेलं. मी एवढी वर्षं नोकरी करतोय, माझ्या कपाटात असं नाही. डॉक्टरांनी एकेक कागद उलटत 2016 सालची सोनोग्राफी बाहेर काढली, तिसऱ्या-चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हिअर इट इज."

'इन्क्रीज्ड इकोजेनिसिटी ऑफ लिव्हर, सजेस्टिव्ह ऑफ ग्रेड वन फॅटी इन्फिल्ट्रेशन.'

आठ वर्षं ती ओळ पिशवीत होती. अक्काने दारूला कधी हात लावला नव्हता, आणि आजार चरबीचा आहे याचा तोच एक कागदी पुरावा. सिरॉसिस पुढे गेला की पुष्कळदा लिव्हरमधली चरबी निघून जाते आणि मागे नुसता वण राहतो. आग लागून गेल्यावर राखेत लाकडाचं नाव सापडत नाही, तसं ते. तो कागद नसता, तर अक्काच्या फाइलवर 'कारण अज्ञात' असं पडलं असतं आणि गावाने आपलं कारण लावून घेतलं असतं.

हे सगळं डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. अक्का ऐकत होती. तिने फक्त विचारलं, "सापडला का कागद?"

"सापडला," मी म्हणालो. पुढचं सांगितलं नाही.

कारण तो रिपोर्ट मी आधी वाचलेला होता. 2016 च्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, अक्काच्या कुशीत कळ उठली म्हणून मीच तिला सोनोग्राफीला नेलं होतं. गाडीत बसूनच मी रिपोर्ट उघडला. काय शोधायचं ते मला माहीत होतं, मूतखडा. 'उजव्या मूत्रपिंडात 5 मिलिमीटरचा खडा' ही ओळ सापडली, जीव भांड्यात पडला. "खडाय गं, पाणी पीत जा भरपूर," असं सांगून कागद तिच्या हातात दिला. लिव्हरची ओळ डोळ्यांखालून गेली होती. ज्या डॉक्टरांना दाखवला तेही म्हणाले होते, "ते काय, सगळ्यांनाच असतं आजकाल." तिला तेव्हा मधुमेह होऊन चार वर्षं झाली होती. मधुमेह आणि लिव्हरवर चरबी हे दोन्ही एका अंगात असले की लिव्हर निबर व्हायचा धोका वाढतो, हे तिथे बसलेल्या तिघांपैकी कुणीच बोललं नाही.

आणि याहून टोचणारी गोष्ट पुढची. 2017 मध्ये माझ्या कंपनीच्या वार्षिक तपासणीत मला ग्रेड 2 निघालं. मी त्या रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. आठवड्यात तज्ज्ञाची वेळ घेतली. त्यांनी वय, रक्तातली लिव्हरची दोन एन्झाइम आणि प्लेटलेट यांवरून एक आकडा काढला, फायब्रोस्कॅन (लिव्हर किती निबर झालंय ते मोजणारी तपासणी) करून घेतलं आणि समजावून सांगितलं की, ग्रेड आणि स्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रेड म्हणजे चरबी किती, ती सोनोग्राफीत दिसते. स्टेज म्हणजे लिव्हर आतून किती निबर झालंय, किती वण पडलेत. सोनोग्राफीला ते सुरुवातीला दिसत नाही. ग्रेड 1 असूनही आत वण असू शकतात, ग्रेड 3 असूनही लिव्हर मऊ असू शकतं. जिवाशी गाठ असते ती वणांची. माझं लिव्हर मऊ होतं. वजन सात ते दहा टक्के उतरवा, म्हणाले. मी 86 वरून 78 वर आलो. दीड वर्ष लागलं. पुढच्या तपासणीत एन्झाइम जागेवर.

या दीड वर्षात मी फॅटी लिव्हरबद्दल इतकं वाचलं, ऑफिसात इतक्यांना सांगितलं. पण वर्षभरापूर्वी गाडीत वाचलेली ती ओळ मला एकदाही आठवली नाही. लिव्हरला चरबी धरते ती माझ्यासारख्यांच्या, खुर्चीत बसणाऱ्यांच्या, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. 52 किलोची, दोन घागरी डोक्यावर घेऊन चालणारी अक्का त्या चित्रात बसतच नव्हती.

आमचं गाव मंगळवेढ्यापासून नऊ किलोमीटरवर. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं भुकेल्यांना उघडून दिली, ती कथा याच मातीतली. पीक आणि दुष्काळ दोन्ही इथे एकाच घरात नांदत आलेत. अक्का जन्मली 1973 च्या उन्हाळ्यात, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात आईच्या पोटात होती. आई तेव्हा सातव्या महिन्यापर्यंत दुष्काळी कामावर खडी फोडत होती. सुकडी मिळायची, बाहेरून आलेली लाल ज्वारी मिळायची. आई सांगायची, "ही इवलीशी हुती, सुपात मावंल येवढी."

सुपात मावेल एवढ्या बाळाबद्दल पुण्याच्या डॉक्टर चित्तरंजन याज्ञिकांनी जे शोधलं, ते मी अक्काच्या आजारपणात पुन्हा वाचलं. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून त्यांनी गरोदर बाया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास मांडला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान, पण सारखी लहान नाहीत. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि चरबी मात्र जवळपास तेवढीच राखलेली. बाहेरून बारीक, आतून चरबीचं. नंतर, 2004 मध्ये याज्ञिकांनी आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघे शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, 22.3. अंगातली चरबी एकाची 9.1 टक्के, दुसऱ्याची 21.2. जास्तीची आपल्या माणसाची.

म्हणजे बारीक दिसणं हा आपल्याकडे निर्वाळा होऊच शकत नाही. पश्चिम बंगालच्या बीरभूममधल्या खेड्यांत अभ्यास झाला, 2010 मध्ये छापून आला. तिथल्या गरीब, कष्टकरी लोकांतही 8.7 टक्क्यांना लिव्हरवर चरबी सापडली, आणि त्यांतल्या तीन चतुर्थांश लोकांचा बीएमआय 25 च्या खालीच होता. काट्यावर काहीच न दिसणारी ही चरबी.

अक्काच्या बाबतीत नेमकं काय काय घडलं, त्याचा हिशोब एका बाईच्या अंगावर मांडता येत नाही. डॉक्टरांनीही तो मांडला नाही. पण तिचं खाणं मी बघत आलोय. लग्न झालं तेव्हा घरात मालदांडीची भाकरी तिन्ही त्रिकाळ. मग रान वाटण्यांत गेलं, ज्वारी काढायला मजूर मिळेना. रेशनवर गहू आणि तांदूळ आला, तोही दोन-तीन रुपये किलोने, पुढे फुकट. भाकरीची जागा चपाती-भाताने घेतली. गुडघे दुखायला लागल्यावर रानात जाणं सुटलं. चहा सात वेळा, त्यात दोन-दोन चमचे साखर, सोबत दुकानातली खारी. आठवड्यातून दोन उपवास, म्हणजे साबुदाणा. साखर झाली तेव्हा चहातली साखर 'कमी कर' एवढंच कुणीतरी सांगितलं. तिने दोनाचा दीड चमचा केला. साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि त्याचा निचरा मुख्यतः लिव्हरलाच करावा लागतो. जास्तीचं झालं की लिव्हर त्याची चरबी करून ठेवतं. हे वाक्य मला 2017 पासून पाठ आहे. तिला मी ते पहिल्यांदा 2024 मध्ये सांगितलं.

खरं तर आमच्या घरात शिकायला हुशार कोण, असं विचारलं तर आई शेवटपर्यंत अक्काचं नाव घ्यायची. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे मंगळवेढ्याला जायचं तर सायकल हवी. अक्का सातवी झाली 1986 मध्ये, तेव्हा घरात सायकल नव्हती. मी सातवी झालो 1992 मध्ये, तेव्हा सायकल आली. एका ओळीत सांगायचं तर आमच्या दोघांच्या शिक्षणातला फरक एवढाच: सहा वर्षं आणि एक सायकल. ती सायकल घ्यायला दोन शेरडं विकली, ती शेरडं अक्काने राखलेली होती. मी बी.ई. झालो, पुण्यात आलो. ती अठराव्या वर्षी सासरी गेली.

शिक्षण आणि फॅटी लिव्हर यांचं नातं जगात सगळीकडे सारखं नाही. श्रीमंत देशांत कमी शिकलेल्यांना हा आजार जास्त. युरोपीय वंशाच्या लोकांच्या जनुकांवरून एक वेगळ्या तऱ्हेचा अभ्यास झालाय. जन्मताना कुणाच्या वाट्याला कुठली जनुकं येतील ही सोडत असते, त्यामुळे पैसा, घर, संगत यांचा घोळ त्यात कमी येतो. ज्यांच्या वाट्याला जास्त वर्षं शाळेत टिकण्याशी जोडलेली जनुकं आली, त्यांच्यात फॅटी लिव्हर कमी निघालं. शिक्षण थेट लिव्हरला जाऊन भिडतं असं कुणी म्हणत नाही. ते वजनातून, खाण्यातून, सिगारेट सोडण्यातून, मिळणाऱ्या नोकरीतून उतरतं.

आपल्याकडे गोष्ट उलटी सुरू झाली. जिथे भूक आहे तिथे चरबी आधी पोटभर खाणाऱ्याला धरते, आणि पोटभर खाणारा बहुधा शिकलेला असतो. मुंबईतल्या दोन रेल्वे वसाहतींत तपासणी केली होती, 2007 मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात साधारण सहांतल्या एकाला फॅटी लिव्हर होतं. हैदराबादच्या आयटी कर्मचाऱ्यांचा अभ्यास 2025 मध्ये आला, त्यात 345 पैकी 84 टक्के निघाले. ही माझीच जमात. पदवीने आम्हाला खुर्ची दिली, रात्रीचे अमेरिकेचे कॉल दिले, दारात जेवण आणून देणारं ॲप दिलं. शिक्षणानेच आमच्या लिव्हरला चरबी लावली असं कुणी म्हटलं, तर मी वाद घालणार नाही.

पण आजार तिथे थांबला नाही, थांबतही नसतो. साखर, तेल, मैदा स्वस्त होतो, ट्रॅक्टर येतो, बिस्किटाचा पुडा वाडीवरच्या टपरीत लटकतो. आजार शिकलेल्यांच्या घरातून न शिकलेल्यांच्या घरात उतरतो. देशभरचे अभ्यास एकत्र करून 2022 मध्ये मांडलेला अंदाज मोठ्या माणसांत 38.6 टक्क्यांचा आहे. शिकलेला मात्र त्यातून निसटतो. माझं तसंच झालं. मला कंपनीची तपासणी होती, इंग्रजी येत होतं, पळायला सोसायटीभोवतीचा रस्ता होता, बायको भाज्या शिजवून डब्यात भरत होती, आणि 'डॉक्टर, याचा अर्थ काय?' असं विचारायची छाती होती. हे शेवटचं सगळ्यांत महाग. शाळा-कॉलेज माणसाला लिव्हर कुठे असतं ते शिकवतं, ते मी विसरूनही गेलो होतो. टेबलापलीकडच्या माणसाला प्रश्न विचारला तर तो चिडणार नाही, आणि चिडला तरी आपलं काही बिघडत नाही, हे मात्र सोळा वर्षांच्या शिक्षणात अंगात मुरलं. अक्का दवाखान्यात अजूनही चपला बाहेर काढून आत जाते.

आणि अक्का अडाणी नाही. हे मला ठासून लिहायचंय. कुठल्याही पाहणीत ती 'सातवी पास' या रकान्यात जाईल आणि 'कमी शिक्षण म्हणून जोखीम जास्त' अशी तिच्या नावापुढे खूण होईल. पण ती रोज हरिपाठ वाचते, चातुर्मासात ज्ञानेश्वरी लावते. दुकानातून पुडा बांधून आलेला पेपरचा तुकडाही ती सरळ करून वाचते, मगच चुलीत घालते. तिच्या हातातला रिपोर्ट मराठीत असता, 'लिव्हरवर चरबी धरली आहे, साखरेच्या रुग्णाने तपासून घ्यावे' एवढं जरी खाली छापलेलं असतं, तर ती पुढच्या सोमवारी दवाखान्याच्या दारात बसली असती. पंधरा दिवस कुणाला सुचू दिलं नसतं. सात वर्षं शाळेने तिला वाचायला शिकवलं होतं. आपण तिच्या हातात तिला वाचता न येणारा कागद दिला आणि वर म्हणतो शिक्षण कमी पडलं.

मंगळवेढ्यात मटणाच्या दुकानात 'काळीज टाका थोडं' म्हटलं की खाटिक लिव्हरच कापून देतो. माणसाचं बोलताना तोच शब्द छातीत डावीकडे सरकतो, धडधडायला लागतो. इतका ओळखीचा अवयव, त्याचं नाव आपल्या 'काळजी'त रोज ऐकू येतं, आणि रिपोर्टवर तो एकदम परका होतो.

एक गोष्ट चांगली झालीये. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकारने फॅटी लिव्हर हा मधुमेह, कर्करोग, हृदयविकार यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. सप्टेंबर 2024 मध्ये त्याच्या सुधारित सूचनाही आल्या. आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा जो फॉर्म भरतात त्यात कंबर मोजायची असते. बाईची 80 सेंटिमीटरच्या वर, पुरुषाची 90 च्या वर गेली की जोखमीचे गुण वाढतात. आमच्या गावच्या आशाताई टेप घेऊन आल्या होत्या तेव्हा अक्काची कंबर 88 भरली होती. 52 किलो वजन आणि 88 कंबर. सगळं तिथेच लिहिलेलं होतं. अक्काला आठवतंय, त्या म्हणाल्या होत्या, "काकू, पोट कमी करा." काकू हसल्या होत्या. बारीक बाईला पोट कमी करा म्हटल्यावर कुणीही हसेल. त्या टेपमागे काय आहे, ते त्या ताईंना तरी कुणी नीट सांगितलं होतं की नाही?

अक्का आता बरी आहे, म्हणजे जेवढं बरं असता येतं तेवढी. पाणी उतरलं. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांना बँड टाकले. मीठ जवळपास बंद. साखर तिची आता भाचा बघतो, वहीत लिहितो. डाळी, मटकी, ताक, पनीर वाढवायला सांगितलंय, कारण या आजारात स्नायू झडतात. आणि उपाशी राहायचं नाही, रात्री झोपताना काहीतरी खाऊन झोपायचं, असा हुकूम आहे. त्यामुळे एकादशी सुटली. हे तिला सगळ्यात जड गेलं. चाळीस वर्षांची एकादशी. डॉक्टरांनी सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "पांडुरंगाला मी सांगंन काय सांगायचं ते. तुम्ही सांगा किती भाकरी."

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे दोन दिवस राहायला गेलो. पिशवी काढली. ठरवलं होतं की प्रत्येक रिपोर्टाच्या कडेला, मोकळ्या जागेत, पेन्सिलीने मराठीत लिहून द्यायचं. कुठला आकडा कशाचा, किती असायला हवा, किती आहे. ओसरीवर बसलो, ती शेजारी पाटावर. मी लिहायचो, ती मोठ्याने वाचायची. 'प्लेटलेट, रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी आहेत, कारण प्लीहा त्यांना अडवून धरते.' 'अल्ब्युमिन, लिव्हर बनवतं ते प्रथिन, हे वाढलं पाहिजे.' शब्द अडला की थांबायची, पुन्हा मागून घ्यायची, ओवी लावते तशी. एका ठिकाणी मी 2022 च्या जागी 2021 लिहिलं, तर तिने लगेच पकडलं. "ही तर बाबूच्या लग्नानंतरची हाय."

संध्याकाळी 2016 चा कागद आला. मी मूतखड्याची ओळ लिहिली, पित्ताशय ठीक लिहिलं, प्लीहा ठीक लिहिलं. कागद पुढे सरकवला.

तिने वाचलं. मग बोट उलटं वर नेलं, जिथे कडेला काहीच लिहिलेलं नव्हतं तिथे थांबवलं.

"हितं का काय लिहिलं न्हाईस?"

मी सांगितलं. गाडीत वाचलेलं, खडा शोधत होतो ते, पुढच्या वर्षी माझं निघालं तरी आठवलं नाही ते. सगळंच. ती माझ्याकडे बघत नव्हती, त्या ओळीकडे बघत होती, जणू इंग्रजी अक्षरं आता तिला कळणार होती.

"लिही की मग," ती म्हणाली.

मी लिहिलं. तिने कागद कंदिलाच्या उजेडात धरावा तसा दाराच्या उजेडाकडे तिरपा केला आणि वाचलं, "लिव्हरवर चरबी धरायला लागली आहे. पहिली पायरी." पेन्सिलीचं पुसट होतं म्हणून 'पहिली' या शब्दावर मला पुन्हा गिरवायला लावलं.

मग म्हणाली, "आता म्होरला घे, अंधार पडतोय."